चौथे पुस्तक: तुम्ही विचारलेत म्हणून

पन्नाशी ओलांडलेली, मराठी शिकवणारी बाई उन्हाळ्याच्या सुट्टीत जादूगार आणि ड्रॅगन यांची इंग्रजी मालिका घेऊन बसते, आणि त्यातही चौथेच पुस्तक पुन्हा पुन्हा का वाचते, असे तुम्ही स्टाफरूममध्ये विचारलेत, लग्नाच्या मांडवात विचारलेत, आणि परवा आप्पांच्या वर्षश्राद्धालाही विचारलेत. आजवर मी "आवडते म्हणून" एवढेच सांगत आले. ते खरे आहे, पण पुरेसे नाही.

अर्सुला ल ग्विन यांच्या अर्थसी मालिकेत ड्रॅगन थोडे आहेत आणि माणसे फार. तिथे प्रत्येक वस्तूला एक खरे नाव असते आणि ते ज्याला ठाऊक, त्याची त्या वस्तूवर सत्ता चालते. १९६८ च्या पहिल्या पुस्तकात शेळ्या राखणारा एक पोर जादू शिकतो, गर्वाच्या भरात एक सावली मोकळी सोडतो आणि अखेर तिला स्वतःच्याच नावाने, गेड म्हणून, हाक मारतो. नावाची ही सत्ता मला कधी परकी वाटली नाही, कारण तापीकाठच्या आमच्या गावात आप्पांनी तेहतीस वर्षे हजेरीपुस्तक न उघडता हजेरी घेतली होती.

१९७२ च्या तिसऱ्या पुस्तकाच्या शेवटी गेड जीवन आणि मृत्यू यांच्यामधले उघडे पडलेले दार बंद करतो आणि त्यात त्याची सारी विद्या खर्ची पडते. अठरा वर्षांनी, १९९० मध्ये, आलेल्या 'तेहानू'मध्ये तो रिकामा होऊन आपल्या बेटावर परततो. ते मी प्रथम वाचले तेव्हा सव्वीस वर्षांची होते. धुणीभांडी, शेळ्या, एक भाजलेली मुलगी, तेनार ही शेतकऱ्याची विधवा आणि तोंड लपवणारा नायक, एवढ्यासाठी का मी तीन पुस्तके त्याच्यामागे चालले, असे वाटून मी समासात पेन्सिलीने लिहिले होते, "ही शिक्षा कशासाठी?" त्या सव्वीस वर्षांच्या माझ्याशी माझे भांडण अजून मिटलेले नाही, पण त्याच्यामागे तीन पुस्तके चालल्याशिवाय चौथे दुखत नाही, हे तेव्हाच कळले असते तर बरे झाले असते.

निवृत्तीनंतर सहाव्या वर्षी आप्पांना पक्षाघात झाला. हात बराच सुधारला, पण वाचाघात राहिला. बोललेले समजे, माणूस ओळखू येई, नाव मात्र ओठांवर येत नसे. त्यांना माणसांत ठेवा, बोलते ठेवा, असे डॉक्टरांनी सांगितले होते आणि मी ते अक्षरशः पाळले. त्या वैशाखात चार माजी विद्यार्थी सत्काराचे आमंत्रण घेऊन आले. "गुरुजी घरमा शेतस का?" ही हाक ऐकताच आप्पा मागच्या दाराने गोठ्यात गेले. मी पाहिले होते. तरीही मी पाहुण्यांना ओट्यावर बसवले, पाणी दिले आणि गोठ्यात जाऊन आप्पांचा हात धरला. "आप्पा, लांबून आलेत पोरं, चला," असे म्हणत त्यांना बाहेर आणले. टोपीही मीच त्यांच्या डोक्यावर ठेवली. त्यांतल्या एकाने पाया पडून, अगदी मायेने विचारले, "माले वळखं का, गुरुजी?" आप्पांचे ओठ हलले. आता येईल, असे वाटून मी पहिले अक्षरही सुचवले. मग त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि तिच्या घडीवरून बोट फिरवत राहिले. ती पोरे, म्हणजे चाळिशीतली माणसे, चहा न घेताच उठली. त्यानंतर फाटकाची कडी वाजली की आप्पा गोठ्यात जात. पुढे तर कडी वाजण्याची वाटही न पाहता सकाळपासून तिथेच बसत.

'तेहानू'मध्ये राजाची माणसे गेडला राज्याभिषेकासाठी न्यायला येतात. तो लाजेने कासावीस होतो, आणि तेनार त्याला परत न आणता तिथून निसटू देते. तो डोंगरात शेळ्या राखायला जातो. आप्पा गेल्यानंतर मी ही पाने पुन्हा वाचली, तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ ओट्यावर बसून राहिले.

डॉक्टरांचे ऐकले, यात माझे काय चुकले, असे मी आजही विचारते. तेनारपाशी डोंगर होता. आमच्या घरामागे गोठा आणि त्यापलीकडे केळीची बाग, एवढीच लपायची जागा. शिवाय गेडच्या लाजेचा तेनारलाही राग येतोच. पण ती त्याला ओट्यावर आणत नाही. ल ग्विन गेडला विद्या परत देत नाहीत, तेनारजवळ एक साधे घर देतात. आप्पांना माझ्या घरात तेवढे मिळाले, असे माझ्याने म्हणवत नाही.

'तेहानू'ला अर्थसीचे शेवटचे पुस्तक म्हटले होते, तरी २००१ मध्ये आणखी दोन आली. तीही मी वाचली आहेत. वैशाख लागला की हात मात्र चौथ्याकडेच जातो आणि राजाची माणसे दाराशी येतात त्या पानावर थांबतो. पुढे काय होते ते मला पाठ आहे. तरीही, या वेळी तेनार त्याला जाऊ देईल ना, या धास्तीनेच मी पान उलटते.