कर्णबधिर मुलांच्या डोळ्यांची तपासणी

सोलापुरातील कर्णबधिर मुलांच्या एका शाळेत मी शिकवते. प्रवेशाच्या वेळी मुलाच्या फाइलमध्ये ऑडिओग्राम, म्हणजे किती ऐकू येते याचा आलेख असतो, बहुतेकदा बेरा तपासणीचा (आवाजाला श्रवणनस व मेंदू कसा प्रतिसाद देतात ते पाहणारी तपासणी) अहवाल आणि दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्रही असते. डोळ्यांच्या तपासणीचा कागद मात्र क्वचितच सापडतो. ही उणीव मला फार गंभीर वाटते, कारण बाईंचे ओठ, खुणा, फळा, मित्राच्या चेहऱ्यावरचा राग, हे सारे या मुलांपर्यंत डोळ्यांवाटेच पोहोचते.

या मुलांमध्ये डोळ्यांचे दोष इतर मुलांपेक्षा अधिक आढळतात, आणि त्यामागे कारण आहे. काही संसर्ग आणि काही आनुवंशिक दोष कान व डोळा या दोहोंवर आघात करतात. गरोदरपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांत आईला रुबेला झाला, तर बाळाला बहिरेपणा, मोतीबिंदू आणि हृदयाचा दोष होऊ शकतो. गरोदरपणातील रुबेला आणि बाळाचा मोतीबिंदू यांचा संबंध ऑस्ट्रेलियातील नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी १९४१ मध्ये दाखवून दिला. तरीही सर्वाधिक आढळतो तो साधा चष्म्याचा नंबरच. मूल तक्रार करत नाही, कारण जन्मापासून जे अंधुक दिसते तेच त्याला सर्वांचे दिसणे वाटते. मग ओठ नीट वाचता आले नाहीत, की दोष त्याच्या कानांवर किंवा बुद्धीवर टाकला जातो.

सर्वांत जास्त काळजी वाटते ती अशर सिंड्रोमची. यात बहिरेपणासोबत डोळ्यांचा पडदा हळूहळू निकामी होत जातो. पहिल्या प्रकारातले मूल जन्मतः बहिरे असते, तोल नीट नसल्याने उशिरा चालू लागते आणि पुढे त्याला संध्याकाळनंतर दिसेनासे होते. नंतर बाजूची नजर आक्रसत जाते. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत रात्री आईचा हात न सोडणारे, ठेचाळणारे मूल ‘घाबरट’ ठरते. हा दोष आई आणि वडील या दोघांकडून यावा लागतो, त्यामुळे नात्यात लग्न झालेल्या घरांत त्याची शक्यता वाढते. आपल्या भागात मामाच्या किंवा आत्याच्या घरात सोयरीक करण्याची रीत आहे. त्याबद्दल कुणाला दोष देण्याचा माझा हेतू नाही, पण डॉक्टरांना ही माहिती आवर्जून सांगावी.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येऊन प्राथमिक तपासणी करते आणि ती उपयोगीच आहे. परंतु आमच्या मुलांना त्यापुढे जाऊन औषधाचे थेंब घालून नंबर काढणे आणि पडदा पाहणे आवश्यक असते. अक्षरे वाचायला लावण्यापेक्षा वेगवेगळ्या दिशांना तोंड केलेल्या ‘ई’चा तक्ता वापरावा, मूल बोटांनी दिशा दाखवते. खरी अडचण अंधाऱ्या खोलीत येते. दिवा मालवला की मुलाशी संवादच तुटतो, आणि त्याच क्षणी अनोळखी माणूस डोळ्यात प्रखर प्रकाश टाकतो. म्हणून काय होणार आहे, वर केव्हा पाहायचे, खांद्यावर थोपटले की काय करायचे, हे सारे उजेडातच खुणांनी ठरवून घ्यावे लागते, आणि डॉक्टरांनीही मास्क खाली घेऊन मुलाच्या समोर तोंड करून बोलावे लागते. थेंबांमुळे जवळचे धूसर दिसते, औषधाप्रमाणे काही तास किंवा काही दिवसही. मुलाला हे आधी सांगितले नसेल, तर डोळेही गेले असे वाटून ते किती घाबरत असेल, याचा विचार व्हायला हवा. त्या काळात वर्गात नवा धडा घेऊ नये, अशी माझी सहकाऱ्यांना विनंती असते.

चष्मा मिळाल्यावरही एक अडचण उरते. कानामागे आधीच श्रवणयंत्र असते. त्यात चष्म्याची जाड काडी आली की कान दुखतो, यंत्र सरकते, कानात बसणारा यंत्राचा साचा सैल होऊन शिटी वाजू लागते आणि मूल चष्मा दप्तरात ठेवून देते. फ्रेम निवडताना मुलाने यंत्र लावलेले असावे, काडी बारीक घ्यावी, आणि घरी आधी चष्मा व मग यंत्र, असा क्रम ठेवावा.