भावाची केस आणि कलम ६४अ

सिडकोत धाकट्या भावाला एमडी म्हणजे मेफेड्रोन या अमली पदार्थासोबत पकडलं, तेव्हा आईने हायच खाल्ली. २०२३ मध्ये शिंदे गावातला एमडीचा कारखाना उघडकीला आला, तेव्हापासून नाशिकमध्ये अशा केसमध्ये कुणी दयामाया दाखवत नाही, असं जो तो सांगत होता. मीही वकिलांना आधी जामिनाचंच विचारलं.

उपचाराचा विषय काढला तो तपास करणाऱ्या पीएसआय साहेबांनी. "ताई, आम्हाला माल विकणारा हवाय. हा गिऱ्हाईक. आत गेला तर आणखी चार ओळखी करून येईल." खणातून त्यांनी एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याचं कोपरे दुमडलेलं पुस्तक काढलं, कलम ६४अ ला पेन्सिलीने खूण केली आणि माझ्यापुढे सरकवलं. गुन्हा सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा असेल आणि व्यसनी माणसाने स्वतःहून सरकारी वा सरकारमान्य ठिकाणी उपचार घेतले, तर त्याला खटल्यातून सूट मिळते. एमडीचं अल्प प्रमाण २ ग्रॅमपर्यंत. पंचनाम्यातलं वजन मी तिथेच बोट ठेवून वाचलं. त्याच्या आत होतं.

अर्ज मात्र कोर्टात आपणच करायचा, आणि गाडी अडली ती 'स्वतःहून' या अटीवर. जामिनावर सुटून आलेला भाऊ ऐकेना. "मी काय गर्दुल्ला आहे का?" दोन वेळा जेवणाच्या ताटावरून उठून गेला. शेवटी साहेबांनीच त्याला बोलावून घेतलं. आत काय बोलले कोण जाणे, बाहेर आला तो म्हणाला, "कुठे सही करायची?"

एका खासगी केंद्राने आगाऊ पैसे मागितले, पण मान्यतेचं पत्र दाखवेना. तिथून उठलो. १४४४६ या हेल्पलाईनवरून मान्यता असलेल्या केंद्राची माहिती मिळाली.

एमडी सोडवायला खास असं औषध नाही, हे डॉक्टरांनी आधीच स्पष्ट केलं होतं. आधी नुसती झोप, मग चिडचिड, मग भिंतीकडे तोंड करून पडून राहणं. हा तुरुंगापेक्षा सोपा मार्ग आहे असं म्हणणाऱ्यांनी ते दिवस बघायला हवे होते.

उपचार अर्धवट सोडले तर सूट काढून घेता येते. त्यामुळे भरती संपली तरी समुपदेशन चालू आहे. प्रत्येक भेटीच्या शिक्क्याची झेरॉक्स वकिलांच्या फाईलला लागते; पुढच्या तारखेला कोर्टात तीच दाखवायची आहे.