रिपोर्टात तांबं कमी, अंगात जास्त

मुलाच्या पहिल्या रिपोर्टात सीरम कॉपर ४८ आलं होतं. शेजारच्या रकान्यात नॉर्मल ७० ते १४०. आमच्या नात्यातल्या एकांचं मेडिकल आहे. त्यांनी फोनवर आकडा ऐकला आणि सांगितलं, "पोराला तांबं कमी पडतंय. तांब्याच्या भांड्यातलं पाणी चालू करा." आत्यांनी (म्हणजे माझ्या सासूबाईंनी, मी त्यांच्या सख्ख्या भावाची मुलगी) त्याच संध्याकाळी माळ्यावरचा हंडा उतरवून चिंचेनं लखलखीत घासला. तांबं वाहून नेणाऱ्या सेरुलोप्लाझमिन या प्रथिनाच्या तपासणीचा नमुना मुंबईला पाठवलेला होता. तो रिपोर्ट मागोमाग आला म्हणून बरं, हंडा भरायच्या आतच परत माळ्यावर गेला.

मुलाला विल्सनचा आजार आहे. जादाचं तांबं पित्तावाटे बाहेर टाकणं हे यकृताचं काम. या मुलांच्या यकृताला ते जमत नाही. मग ते आधी यकृतातच साठतं, पुढे मेंदूत आणि डोळ्यांत उतरतं. साधारण तीस हजारांत एकाला होतो असं मानतात. अंगात तांबं साठलेलं असूनही रक्तातलं तांबं कमी दिसतं, आणि भलीभली माणसं तिथेच चकतात.

सुरुवात अक्षरापासून झाली. नववीपर्यंत त्याचं अक्षर शाळेत फळ्यावर सुविचार लिहायला बोलवावं असं होतं. दहावीच्या पहिल्या घटक चाचणीचा पेपर घरी आला, तर ओळीच्या सुरुवातीला बरी असलेली अक्षरं शेवटाकडे मुंगीएवढी झालेली. वेलांट्या तर दिसतच नव्हत्या. नंतर उशी ओली व्हायला लागली, वहीवर लाळेचे डाग पडायला लागले, बोलणं जड झालं. शाळेतून निरोप आला की मुलगा आळशी झालाय. एका डॉक्टरांनी दहावीचा ताण म्हणून झोपेच्या गोळ्या दिल्या. चौथीत त्याला कावीळ झाली होती, तेव्हा गावाकडे माळ घालून, चुन्याच्या पाण्यात हात धुऊन ती "उतरवली" होती. ती कावीळ आणि हे अक्षर यांचा एकमेकांशी संबंध असेल असं कुणाच्याच डोक्यात आलं नाही. विचारलं ते तालुक्याच्या फिजिशियननी. "लहानपणी कधी कावीळ?" एवढाच प्रश्न, आणि लगेच दोन्ही तपासण्या लिहून दिल्या.

सेरुलोप्लाझमिन ६ आलं. असायला हवं २० ते ४०. पुण्याच्या मेंदूविकार तज्ज्ञांनी तोच कागद उलटा करून मागे गणित मांडलं. रक्तातलं बहुतेक तांबं सेरुलोप्लाझमिन या प्रथिनाला चिकटून फिरतं, दर मिलिग्रॅममागे साधारण ३ मायक्रोग्रॅम. सहा त्रिक अठरा. ४८ मधून १८ गेले, उरले ३०. हे ३० म्हणजे सेरुलोप्लाझमिनला न चिकटलेलं, मोकळं तांबं, आणि ते १५ च्या आत हवं. "ताई, हमालच नसतील तर बाजारात माल दिसणार कुठून? गोदाम मात्र गच्च भरलंय," असं म्हणून त्यांनी कागद परत दिला. तो अजून फाइलमध्ये आहे, छापील बाजू आत आणि पेनची बाजू वर.

तेवढ्यावर त्यांनी औषध मात्र चालू केलं नाही, आणि मला वाटतं तेच बरोबर होतं. सेरुलोप्लाझमिन एकट्यानं साक्ष देऊ शकत नाही. अंगात दाह असला की ते वाढतं, गरोदरपणात वाढतं. उलट आजार नसलेल्या, फक्त वाहक असलेल्या, म्हणजे जनुकाच्या दोनपैकी एकाच प्रतीत दोष असलेल्या माणसातही ते कमी असू शकतं. म्हणून २००१ साली जर्मनीतल्या लाइपझिगच्या परिषदेत गुणांची पद्धत ठरली. डोळ्यात तांब्याचं कडं असेल तर २ गुण, सेरुलोप्लाझमिन १० च्या खाली असेल तर २, १० ते २० असेल तर १, मेंदूची ठळक लक्षणं असतील तर २, चोवीस तासांच्या लघवीत तांबं नॉर्मलच्या दुपटीहून जास्त असेल तर २, जनुकाच्या एका प्रतीत दोष सापडला तर १, दोन्ही प्रतींत सापडला तर एकदम ४. बेरीज ४ किंवा जास्त झाली की निदान पक्कं, ३ आली तर पुढच्या तपासण्या, २ किंवा कमी आली तर शक्यता फारच थोडी.

कड्याची तपासणी नेत्रतज्ज्ञांकडे स्लिट लॅम्पवर झाली. नुसत्या डोळ्यांनी आम्हाला काही दिसलं नव्हतं. त्यांनी मलाही दुर्बिणीतून बघू दिलं. बुबुळाच्या कडेला, वर आणि खाली, हिरवट-तपकिरी पट्टा होता. शेवाळलेल्या हौदाच्या काठाचा रंग. पोरगं मात्र खूश, "मम्मी, माझ्या डोळ्यात रिंग आहे" असं मित्रांना सांगत सुटलं. एमआरआयमध्ये मेंदूच्या खोल भागात बदल दिसले, त्यावर जास्त लिहीत नाही.

सगळ्यात वैताग लघवीचा. चोवीस तासांची लघवी जमवायची, एक थेंबही वाया जाऊ द्यायचा नाही. लॅबनं स्वतःचा प्लास्टिकचा कॅन दिला, कारण धातूच्या भांड्याचा स्पर्श झाला तरी आकडा बिघडतो. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी सोडून द्यायची, घड्याळ बघून ठेवायचं, पुढची प्रत्येक वेळची कॅनमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळची पहिली त्यातच धरून बंद. सोळाव्या वर्षाच्या मुलाला हे आईनं समजावून सांगायचं! तो दार लावून बसला. शेवटी यांनी आत जाऊन काय सांगितलं कोण जाणे, पण बाहेर आला तो स्वतःच कॅनवर तारीख लिहून. आम्ही ही तपासणी मुद्दाम रविवारी केली. शाळेच्या दिवशी करायच्या फंदात कुणी पडू नये. आकडा आला ३४० मायक्रोग्रॅम, आणि दिवसाला १०० च्या वर गेला की संशय बळावतो. जनुकाच्या तपासणीआधीच बेरीज ८ झाली होती.

एटीपी७बी हे ते जनुक. ते १९९३ मध्ये सापडलं. मुलाच्या दोन्ही प्रतींत एकच दोष निघाला, एक आईकडून, एक वडिलांकडून. समुपदेशन करणाऱ्या डॉक्टरांनी फार हळू विचारलं, "लग्न नात्यातलं आहे का?" आमच्या भागात मामाची मुलगी करणं रीतच, त्यामुळे उत्तर द्यायला लाज वाटली नाही. पण पुढचं वाक्य जड होतं. सख्ख्या भावंडाला हा आजार असण्याची शक्यता चारात एक, तेव्हा धाकटीला तपासायलाच हवं, ती ठणठणीत असली तरी.

धाकटीचं सेरुलोप्लाझमिन १७ आलं. त्या आकड्यानं आमची झोप उडवली, खरं सांगायचं तर मुलाच्या ६ पेक्षाही जास्त. ६ म्हणजे निदान स्पष्ट तरी होतं. १७ मध्ये ना इकडचं ना तिकडचं. पुन्हा कॅन, पुन्हा स्लिट लॅम्प. लघवीत तांबं २२, डोळे स्वच्छ, आणि जनुकाची एकच प्रत दोषी. तिची बेरीज २. ती फक्त वाहक आहे, तिला औषधाची गरज नाही. तिच्या लग्नाचा विषय निघेल तेव्हा मुलाचीही तपासणी करा, निदान नात्यातला मुलगा असेल तर नक्की, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलंय. आत्यांच्या माहेरी दोन भाचे आहेत, त्यामुळे घरात यावर एकदा वाजलंही.

आत्यांना वेगळंच लागलं होतं. "मी पितळी पातेल्यात दूध तापवून पाजलं त्याला. त्यानं झालं का हो?" डॉक्टर म्हणाले, "आजी, तो आजार वेगळा." मग त्यांनी पुण्याचीच गोष्ट सांगितली. पूर्वी आपल्याकडे तान्ह्या मुलांचं यकृत सुकून ती दगावत, इंडियन चाइल्डहूड सिऱ्होसिस म्हणत त्याला. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. शीला भावे आणि डॉ. आनंद पंडित यांनी इंग्लंडच्या डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्याबरोबर १९८० च्या दशकात त्यावर काम केलं. कल्हई नसलेल्या पितळी-तांब्याच्या भांड्यात तापवून ठेवलेल्या दुधात तांबं उतरतं, हा धागा त्यातून पुढे आला. घराघरांत स्टील आलं आणि तो आजार जवळजवळ दिसेनासा झाला. तेव्हा त्या बाळांना दिलेलं पेनिसिलामाइन हे तांबं बाहेर काढणारं औषधच आज माझ्या मुलाला चालू आहे. आत्या ऐकून घेतात, पण पातेलं मोडीत दिलं ते दिलंच.

पेनिसिलामाइन एकदम पूर्ण डोसनं देत नाहीत, मेंदूची लक्षणं आधी बिघडू शकतात. एका कॅप्सूलवरून हळूहळू वाढवत नेलं, सोबत बी-६ ची गोळी. जेवणाआधी तास किंवा जेवणानंतर दोन तास, हे गणित कॉलेजच्या वेळापत्रकात बसवणं हीच रोजची कसरत. लघवीतलं प्रथिन आणि रक्तातल्या पेशी नियमित तपासायच्या. काजू, तीळ, चॉकलेट, कलेजी, खेकडे, तिसऱ्या बंद. संक्रांतीला चिक्कीची वडी शेंगदाण्याचीही नको म्हटल्यावर पोरगं चिडलं. आंघोळीच्या बंबाचं काय, असं मी विचारलं तर डॉक्टर हसले. अंगावर घेतलेल्या पाण्यानं काही होत नाही.

औषध सुरू झाल्यावर लघवीतलं तांबं १,४०० वर गेलं आणि मी घाबरून फोन केला. "जाऊ दे की बाहेर, त्यासाठीच तर औषध," असं उत्तर मिळालं. आता ते ४२० वर आहे, २०० ते ५०० च्या मध्ये ठेवायचंय. अक्षर बरंचसं सुधारलंय, बोलणं अजून थोडं जड आहे, स्पीच थेरपी चालू आहे. कॅप्सूल मध्येच बाजारातून गायब होतात, म्हणून घरात दोन महिन्यांचा साठा असतो. पुढची चोवीस तासांची लघवी दिवाळीच्या सुट्टीत करायचं त्यानंच ठरवलंय.