फिल्टर कुठाय, विचारलंत म्हणून सांगते

लग्नात, बसस्टँडवर, कॉलेजच्या स्टाफरूममध्ये, कुठंही गेलं की हा प्रश्न येतोच. "मॅडम, पाण्यातलं फ्लोराइड काढायच्या तुमच्या प्रोजेक्टला सरकारचे पैसे मिळाले होते ना, पेपर पण छापून आले, मग फिल्टर कुठाय?" कोणी आपुलकीने विचारतं, कोणाच्या आवाजात पैसे कुठं जिरले असाही सूर असतो. आजपर्यंत मी हसून दोन वाक्यांत उरकत आले, आता सगळंच लिहिते.

पैशांचं आधी. प्रोजेक्ट असिस्टंटचा पगार, केमिकल, काचसामान, एक आयन मीटर आणि गाडीखर्च. रुपया न रुपया ऑडिट झालाय, युटिलायझेशन सर्टिफिकेटवर सीएची सही आहे, ज्याला बघायचंय त्याने कॉलेजात येऊन बघावं. हे इतकं तोडून लिहायला नको होतं कदाचित, पण खूपदा ऐकून घेतलंय.

आता कामाचं. मराठवाडा बहुतेक सगळा काळ्या पाषाणाचा, पण नांदेडच्या पूर्वेला किनवटकडं ग्रॅनाइट लागतो आणि तिथल्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड उतरतं. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरं पाणीच नसेल तर 1.5 पर्यंत चालवून घ्या, असं आपलं मानक सांगतं. आमचं मटेरियल म्हणजे ॲल्युमिनावर, म्हणजे ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडवर, थोडी प्रक्रिया करून केलेले फ्लोराइड पकडणारे दाणे. लॅबमध्ये डिस्टिल्ड पाण्यात सोडियम फ्लोराइड विरघळवून टेस्ट घेतली की आकडे असे येतात की माणूस खुश होऊन जातो. बोअरचं पाणी आणलं की तेच दाणे निम्म्यावर येतात, कारण त्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर, पीएच आठच्या आसपास, आणि ॲल्युमिना सगळ्यात चांगला पकडतो तो साडेपाच-सहाला. तरीपण काम होत होतं. आणि दाणे फ्लोराइडने भरले की कॉस्टिक सोड्याने धुवायचे, मग ॲसिडने जागेवर आणायचे, की परत वापरता येतात.

पण धुतल्यावर जे पाणी निघतं ना, त्यात गावाने महिनोन् महिने प्यायलं असतं तेवढं फ्लोराइड एका बादलीत गोळा झालेलं असतं. ती बादली कुठं ओतायची? माझं सगळं म्हणणं या एका प्रश्नाभोवती आहे. घरच्या आरओचंही तेच, रिजेक्ट पाणी मोरीत सोडलं की ते आपल्याच जमिनीत जातं. वेगळं काढणं म्हणजे गायब करणं नाही.

आम्ही एका जिल्हा परिषद शाळेत हापशाच्या बाजूला या दाण्यांनी भरलेला कॉलम बसवला. मुख्याध्यापक सर इतके मनापासून त्यात पडले की काय सांगू. टेस्टची बाटली त्यांच्याकडंच दिली होती, नमुन्यात लाल द्रावणाचे थेंब टाकायचे, फ्लोराइड जेवढं जास्त तेवढा रंग फिका पडतो. सर दर सोमवारी दोन टेस्टट्यूब पांढऱ्या कागदापुढं धरून फोटो पाठवायचे, एक हापशाची, एक फिल्टरची. हापशाची फिकट, फिल्टरची चांगली लाल. तेव्हा वाटायचं, झालं आपलं काम.

मग 31 मार्चला प्रोजेक्ट संपला. उरलेले पैसे परत, खातं बंद, असिस्टंट पोरगा दुसरीकडं लागला. पुढं काही महिन्यांनी सरांचा फोटो आला, दोन्ही ट्यूब सारख्याच. दाणे भरले होते. मी स्वतःच्या गाडीत कॉस्टिकचे कॅन टाकून गेले, धुऊन दिले, नंतर परत गेले, पण कॉलेज, पेपर तपासणी, घर सांभाळून हे किती दिवस चालणार, आणि ते धुतलेलं पाणी चुना टाकून साकळवायला, गाळ कोरडा करून ठेवायला माणूस लागतो, जागा लागते.

म्हणून दुसऱ्या टप्प्याचं प्रपोजल लिहिलं. नवीन मटेरियल काहीच मागितलं नव्हतं. तेच दाणे पाच वर्षं खऱ्या पाण्यावर चालवायचे, किती धुण्यांनंतर मरतात ते बघायचं, गाळाचं काय करायचं ते शोधायचं आणि गावातल्याच एका माणसाला शिकवून पगारावर ठेवायचं. प्रेझेंटेशनला बोलावलं. माझ्या आधी एका मुलाचं एमओएफवरचं (धातू आणि सेंद्रिय रेणू जोडून केलेलं, आत बारीक छिद्रं असलेलं नव्या प्रकारचं मटेरियल) प्रेझेंटेशन होतं, सुंदर होतं, खरंच. माझी तिसरी स्लाइड चालू होती तेवढ्यात एका तज्ज्ञांनी विचारलं, "यात नॉव्हेल्टी काय आहे?" मी म्हटलं, सर, हे मटेरियल पाच वर्षं चालतं का हे आमच्या भागात कोणी बघितलेलं नाही, हेच नवीन. ते म्हणाले, हे संशोधन नाही, हे मेंटेनन्स आहे, हे पाणीपुरवठ्याच्या खात्याचं काम. आवाज शांत होता, अपमान करायचा हेतू नव्हता. दुसऱ्या एका मॅडमनी माझी बाजू घ्यायचा प्रयत्न केला, "गाळाचा भाग वेगळा लिहून द्या," म्हणाल्या, पण तोवर वेळ संपला. मला त्या दोन ट्यूबचा फोटो दाखवायचा होता, तो शेवटच्या स्लाइडवर होता, तिथपर्यंत पोचलेच नाही.

मग खात्याकडं गेले. तिथले साहेब म्हणाले, मॅडम, हे अजून प्रयोगाच्या पातळीवर आहे, सिद्ध झालं की आणा, हे तुमच्या संशोधनवाल्यांचं काम. दोघांचंही त्यांच्या त्यांच्या जागी बरोबर आहे, आणि मधे शाळा. शेवटी मीच सरांना फोन करून सांगितलं, व्हॉल्व्ह बंद करा, मुलांना उघड्या विहिरीचं पाणी द्या, त्यात फ्लोराइड कमी आहे, क्लोरीन टाकून द्या. सर म्हणाले, "बरं मॅडम." एवढंच. त्यांनी मला "काहून" असं विचारलं असतं तर बरं झालं असतं.

म्हणजे सेपरेशनवर, एकातून दुसरं वेगळं काढण्यावर, कोणी पैसे घालत नाही असं नाही. आपल्याच भागातल्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीत जाऊन बघा. अल्कोहोल कितीही उकळा, 95.6 टक्क्यांच्या वर साध्या डिस्टिलेशनने जात नाही, उरलेलं पाणी काढायला मॉलिक्युलर सीव्ह लागते, तीन अँगस्ट्रॉमच्या, म्हणजे रेणूएवढ्या बारीक छिद्रांचे झिओलाइटचे दाणे, पाणी आत शिरतं, इथेनॉल बाहेर राहतं. तिथं दाणे तापवून, दाब कमी करून परत तयार करायची व्यवस्था आहे, बदलायचं बजेट आहे, शिफ्टला ऑपरेटर आहे, कारण ऑइल कंपन्या ते इथेनॉल विकत घेतात. हापशाचं पाणी कोण विकत घेणार? 2023 च्या कायद्याने जे नवीन राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान आलं त्याचा आराखडा पाच वर्षांत 50,000 कोटींचा आहे, त्यात सरकारचे 14,000 कोटी आणि बाकीचे मुख्यतः खाजगी क्षेत्राकडून यायचेत. यावेत, भरपूर यावेत. फक्त ते किनवटच्या हापशापर्यंत कुठल्या वाटेने येणार हे मला दिसत नाही.

आता खरं सांगायचं तर काही वर्षांपूर्वीची मी त्या तज्ज्ञांच्याच बाजूने बोलले असते. तेव्हा मला वाटायचं मटेरियल भारी पाहिजे, क्षमता दुप्पट झाली की बाकीचं आपोआप होतं. आणि तेव्हाच्या माझं अगदीच चुकत होतं असं मी आजही म्हणणार नाही. 2025 चं रसायनशास्त्राचं नोबेल एमओएफला मिळालं, किटागावा, रॉबसन आणि याघी यांना, तेव्हा मी वर्गात अर्धा तास त्याच्यावरच बोलले. रॉबसन यांचं सुरुवातीचं काम 1989 चं, तेव्हा त्याचा उपयोग काय असं विचारून कोणी पैसे अडवले असते तर? म्हणजे नॉव्हेल्टीला पैसे द्यायलाच पाहिजेत. पण मग जुन्या मटेरियलचं पाचवं वर्ष बघायला कोणी द्यायचे, याचं उत्तर माझ्याकडं नाही आणि ज्यांना विचारलं त्यांच्याकडंही नव्हतं.

माझ्याकडं पीएचडीला आलेल्या पोराने मागच्या आठवड्यात विचारलं, मॅडम, एमओएफवर करू का तुमच्या जुन्या दाण्यांवर? आम्ही बराच वेळ वाद घातला. त्याला पुढं पोस्टडॉक पाहिजे, नोकरी पाहिजे, वापरून मेलेल्या ॲल्युमिनावर त्याला कोण बोलावणार? शेवटी मी एमओएफला हो म्हटलं. अट दोन गोष्टींची घातली, टेस्ट डिस्टिल्ड पाण्यात नाही, बोअरच्या पाण्यात घ्यायची, आणि भरलेल्या मटेरियलचं नंतर काय करायचं यावर थिसिसमध्ये एक पूर्ण चॅप्टर पाहिजे. तो नाराज झालाय, म्हणतो आकडे पडतील, मोठ्या जर्नलला पेपर जाणार नाही. पडू देत म्हटलं. अजून त्याने हो म्हटलेलं नाही.