तुम्ही विचारलंत म्हणून: राइक्सम्युझियम चर्चसारखं का दिसतं?

पाहुणे अ‍ॅम्स्टरडॅमला आले की मी त्यांना राइक्सम्युझियमला, म्हणजे नेदरलँड्सच्या राष्ट्रीय संग्रहालयाला नेते. ट्राममधून उतरलं, लाल विटांचे मनोरे आणि उंच निमुळती छपरं दिसली, की प्रश्न येतोच: "हे आधी चर्च होतं का गं?" मावशीने विचारलं, आतेभावाने विचारलं, नवऱ्याच्या ऑफिसातल्या मंडळींनीही विचारलं. "नाही, पहिल्यापासून संग्रहालयच" म्हणून मोकळं होता येईल. पण 1885 साली ही इमारत उघडली तेव्हा खुद्द डच लोकही चर्चच्याच गोष्टी करत होते, आणि त्यात चांगलाच राग होता.

त्या रागाचं मूळ जुनं आहे. 1578 मध्ये अ‍ॅम्स्टरडॅमची सत्ता प्रोटेस्टंटांकडे गेली आणि कॅथलिकांना उघड उपासनेची बंदी झाली. मग ती घरांत लपली. 1663 मध्ये एका व्यापाऱ्याने आपल्या घराच्या माळ्यावर थाटलेलं अख्खं चर्च आजही पाहायला मिळतं. बाहेरून साधं कालव्याकाठचं घर, आत अरुंद जिने चढून गेलं की वेदी, सज्जे, सगळं. अठराव्या शतकाच्या अखेरीस कायद्याची आडकाठी गेली, तरी त्या माळ्यावर प्रार्थना होत राहिली, थेट 1887 पर्यंत.

आता वर्तमानपत्रांकडे येते, कारण माझं खरं प्रेम तिथे आहे. 1869 मध्ये वर्तमानपत्रांवरचा मुद्रांक कर रद्द झाला, अंक स्वस्त झाले आणि प्रत्येक पंथ आपापला आवाज छापू लागला. कॅथलिकांचं 'द टाइड' आधीपासून होतंच. 1872 मध्ये अब्राहम काउपर या प्रोटेस्टंट पुढाऱ्याने 'द स्टांडार्ड' सुरू केलं, तेही मुद्दाम 1 एप्रिलला. 1572 मध्ये, देशावर स्पेनची सत्ता असताना, त्याच दिवशी स्पेनविरुद्धच्या प्रोटेस्टंट बंडखोरांनी ब्रिल हे गाव घेतलं होतं, त्याला 300 वर्षं होत होती. प्रोटेस्टंटांसाठी देशाचा जन्म तिथला. पण त्याच ब्रिलमध्ये, त्याच वर्षीच्या जुलैत, त्याच बंडखोरांकडून 19 कॅथलिक धर्मगुरूंना फाशी दिलं गेलं, आणि 1867 मध्ये पोपने त्यांना संतपद दिलं होतं. गाव एक, वर्ष एक. एका घरात सण आणि दुसऱ्या घरात सुतक.

अशा हवेत व्हिक्टर द स्ट्यूर्स या तरुण वकिलाने 1873 मध्ये 'द खिड्स' मासिकात एक लेख लिहिला. देश आपल्या जुन्या वास्तू आणि कलावस्तू कशा मातीमोल करतो आहे, याचा तो जळजळीत हिशोब होता. देन बॉस या शहरातल्या सेंट जॉन चर्चमधला सतराव्या शतकातला कोरीव दगडी पडदा (वेदीकडचा भाग वेगळा करणारी आडभिंत) विकला गेला आणि लंडनच्या संग्रहालयात पोचला. तो अजून तिथेच आहे. मला हा लेख फार मोलाचा वाटतो. एका मासिकातल्या काही पानांनी सरकार हललं, 1875 मध्ये कला-विज्ञानासाठी सरकारी विभाग निघाला आणि त्याची सूत्रं द स्ट्यूर्सकडेच आली.

राष्ट्रीय संग्रहालय बांधायला निवड झाली पिएर काउपर्सची. (संपादक काउपर वेगळा, वास्तुकार काउपर्स वेगळा; नावं जवळची, पंथ एकदम उलट.) हा रोरमोंडचा कॅथलिक, जन्मभर चर्च बांधत आलेला. त्याच्या लेखी देशाचा इतिहास 1572 च्या कितीतरी आधी, मध्ययुगात सुरू होत होता. म्हणून त्याने डच रेनेसाँस शैलीत गॉथिक, म्हणजे मध्ययुगातल्या चर्चची शैली मिसळली. आतलं मुख्य दालन चर्चच्या मधल्या भागासारखं लांब, आणि वेदी असावी त्या टोकाला रेम्ब्रांटचं 'नाइट वॉच' हे चित्र. विरोधक इमारतीला 'बिशपचा वाडा' म्हणाले. राजा विल्यम तिसरा उद्घाटनाला आलाच नाही.

हेगच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या 'डेल्फर' या संकेतस्थळावर 1618 पासूनची वर्तमानपत्रं कुणालाही फुकट वाचता येतात. उद्घाटनाच्या महिन्यातले, जुलै 1885 चे अंक मी रात्री उघडून बसते. फोटो नाही, बारीक टाइपाचे नुसते भरगच्च रकाने. एक कॅथलिक पत्र आणि एक प्रोटेस्टंट पत्र शेजारी ठेवून वाचलं की मगच मला त्या भिंती दिसू लागतात.

पुढे विसाव्या शतकात काउपर्सची भिंतींवरची नक्षी आणि चित्रं पांढऱ्या रंगाखाली गेली. दहा वर्षांच्या दुरुस्तीनंतर 2013 मध्ये संग्रहालय पुन्हा उघडलं, तेव्हा त्यातली बरीच परत आणलेली होती. मावशीला मी तिथेच उभी केली होती, मान वर करून.

पुढच्या वेळी आलात की स्टेशनवरून आधी पायी त्या माळ्यावरच्या चर्चमध्ये जाऊ. आणि बाहेर पडताना स्टेशनकडे वळून बघा. "हेही म्युझियमसारखंच दिसतं," असं म्हणाल. दिसणारच, तेही काउपर्सनेच बांधलंय.