ओवीची अक्षरं आणि जात्याची घरघर: कीफ्रेमच्या कामाची नोंद

आत्याच्या ओव्यांचा व्हिडिओ ६ मिनिटं १० सेकंदांवर स्थिरावला होता. कापाकापी संपली, चित्रांचा क्रम ठरला. दोन कामं उरली होती. एक, ओवीचे शब्द पडद्यावर आणणं. दुसरं, जात्याचा आवाज तिच्या गळ्याखाली बसवणं. दोन्ही कामं कीफ्रेमची, म्हणजे टाइमलाइनवर ठरावीक क्षणी किंमत नोंदवायची आणि मधला बदल सॉफ्टवेअरवर सोडायचा. त्यात तीन आठवडे गेले आणि पुष्कळ काही हाती लागलं, म्हणून ही नोंद जरा लांबणार आहे.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: काम केडेनलाइव्ह या व्हिडिओ संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये चाललंय, १९२० बाय १०८०, सेकंदाला २५ फ्रेम. म्हणजे एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

रेकॉर्डिंग माण तालुक्यातल्या आमच्या घरी केलं. मी आत्याला आधी म्हटलं, जातं राहू दे, नुसत्या ओव्या म्हण, म्हणजे आवाज स्वच्छ येईल. दोन ओळींवर ती अडली. म्हणाली, "जातं फिरल्याबिगर फुडचं याद येत न्हाय गं." मग जोंधळे घातले, तिच्या पदराला कॉलर माइक लावला आणि फोन घोंगडीच्या घडीवर जात्याशेजारी ठेवला. सुरुवातीला एक टाळी वाजवली. त्या टाळीवर दोन्ही आवाज जुळवले. तर आता टाइमलाइनवर आवाजाचे दोन ट्रॅक आहेत, एकात प्रामुख्यानं आत्या, दुसऱ्यात प्रामुख्यानं जातं.

अक्षरं, पहिला प्रयत्न

पहिली कल्पना टाइपरायटर इफेक्टची होती. आत्या गाते तसतशी अक्षरं एकेक करून उमटावीत. टायटल क्लिप, म्हणजे पडद्यावरच्या मजकुराची क्लिप, केली, इफेक्ट लावला, चालवून पाहिलं. 'विठ्ठल' शब्दावर आधी 'व' आला. मग त्याच्या डावीकडे वेलांटी घुसली आणि 'व' उजवीकडे सरकला. मग एक 'ठ' आला, त्याच्या पायाशी हलन्त लटकला, आणि पुढच्या ठोक्याला दोन्ही 'ठ' मिळून जोडाक्षर झालं. 'दर्शन'मध्ये तर 'र' नीट उमटला, पाय मोडला, आणि क्षणात नाहीसा होऊन 'श'च्या डोक्यावर रफार होऊन बसला.

व्हिडिओ कॉलवर आत्याला दाखवलं. ती सावकाश, बोट ठेवून वाचते. तिनं विचारलं, "अक्षरं उड्या का मारत्यात?"

याचं कारण देवनागरी साठवण्याच्या पद्धतीत आहे. युनिकोडमध्ये 'विठ्ठल' म्हणजे सहा घटक: व, ऱ्हस्व वेलांटी, ठ, हलन्त, ठ, ल. डोळ्यांना मात्र तीनच अक्षरं दिसतात. वेलांटी साठवताना व्यंजनानंतर येते, दिसते व्यंजनाच्या आधी. रफाराचा 'र' आधी साठवला जातो, दिसतो पुढच्या अक्षरावर. एकेक घटक उघडत जाणारा कोणताही इफेक्ट रोमन लिपीत सुरेख दिसेल, आपल्याकडे अक्षर घडण्याच्या मधल्या अवस्था उघड्या पडतात. शब्दागणिक उघडण्याचा पर्याय त्याच इफेक्टमध्ये आहे आणि बातमीच्या किंवा माहितीच्या व्हिडिओला तो पुरेसा आहे. ओवीला तो पुरला नाही. आत्या एखाद्या शब्दावर दीड-दोन सेकंद सूर धरून ठेवते, आणि तेवढा वेळ पूर्ण शब्द नुसता उभा राहतो.

अक्षरांमधलं अंतर वाढवून शब्द पसरवण्याचाही प्रयत्न केला. शिरोरेखा तुटली. तो नाद तिथंच सोडला.

दुसरा प्रयत्न: झाकण सरकवणं

मग उलटा विचार केला. अक्षरांना हातच लावायचा नाही. पूर्ण ओळ आधीपासून तिथं आहे, फक्त झाकलेली आहे, आणि झाकण आवाजाबरोबर उजवीकडे सरकतंय.

यासाठी रोटोस्कोपिंग इफेक्ट वापरला. ओळीभोवती चार बिंदूंचा चौकोन आखायचा. पहिल्या कीफ्रेमला उजवीकडचे दोन बिंदू डाव्या कडेला आणून ठेवायचे, शेवटच्या कीफ्रेमला ओळीच्या टोकाला. मधली सरक सॉफ्टवेअर भरून काढतं. हाताने काढलेल्या ॲनिमेशनमध्ये मुख्य चित्रकार महत्त्वाच्या मुद्रा काढायचा आणि मधली चित्रं त्याचे मदतनीस भरायचे, तीच वाटणी.

इथं एका सेटिंगने माझी एक अख्खी संध्याकाळ घेतली. इफेक्ट लावताच शब्दांमागे काळा पट्टा आला. टायटल क्लिपची पार्श्वभूमी पारदर्शक असते, म्हणजे तिला स्वतःची अल्फा (कुठला भाग किती पारदर्शक याची नोंद) असते. रोटोस्कोपिंगमध्ये अल्फा ऑपरेशन 'राइट ऑन क्लिअर' असेल तर ती मूळ अल्फा पुसून चौकोनाची लिहिली जाते, आणि चौकोनाच्या आतलं सगळंच अपारदर्शक होतं. तिथं 'मिनिमम' निवडायचं. मग अक्षराची अल्फा आणि चौकोनाची अल्फा यांतली जी कमी ती घेतली जाते, आणि नुसती अक्षरं उरतात. फेदर, म्हणजे कडेचा मऊपणा, थोडा द्या. शिरोरेखेचं पुढचं टोक कापल्यासारखं न दिसता विरत जातं, शाई ओली असल्यासारखं.

आता खरं काम. दोनच कीफ्रेम ठेवल्या तर झाकण एकाच वेगानं सरकतं, आणि आत्या एका वेगानं गात नाही. म्हणून वेव्हफॉर्म, म्हणजे आवाजाचा आलेख, मोठा करून प्रत्येक शब्दाच्या सुरुवातीला एक कीफ्रेम ठेवली. जिथं ती सूर धरते तिथं आणखी एक, त्याच अक्षराच्या आत, अगदी थोडी पुढे. त्यामुळे 'पंढरी'तला शेवटचा 'री' सावकाश, सुराइतकाच वेळ घेत उघडतो. दोन ओळींच्या एका ओवीला साधारण नऊ कीफ्रेम लागल्या. ओव्या चौदा आहेत.

वेव्हफॉर्मवर डोळ्यांनी ठेवलेल्या कीफ्रेम आणि कानांनी ठेवलेल्या कीफ्रेम यांत दोन-तीन फ्रेमचा फरक पडतो, हे मला सहाव्या ओवीला कळलं. आलेखात आवाज जिथं उसळतो तिथं शब्द सुरू होतो असं वाटतं, पण 'स' किंवा 'ह'ने सुरू होणाऱ्या शब्दाचा श्वास त्याच्या आधी येतो. ८० ते १२० मिलिसेकंद. ऐकताना कळत नाही, पण अक्षर उशिरा आलं की बघताना खटकतं. पहिल्या पाच ओव्या पुन्हा केल्या, कानांनी.

फॉन्ट तिरो देवनागरी मराठी ठेवला आहे. 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे मिळतात. आत्या शाळेत ज्या वळणाचा 'ल' शिकली तोच तिला पडद्यावर दिसायला हवा, याबाबत मी हट्टी आहे.

ओळ वर चढते त्याबद्दल

दुसरी ओळ येताना पहिली ओळ जराशी वर सरकून फिकट होते. त्याला साधा ट्रान्सफॉर्म, म्हणजे जागा बदलणारा इफेक्ट. वर येणाऱ्या ओळीसाठी पहिल्या फ्रेमला ३० पिक्सेल खाली, बाराव्या फ्रेमला जागेवर, आणि शंभराव्या फ्रेमलाही जागेवरच. सगळ्या कीफ्रेम स्मूथ, म्हणजे वक्र गतीच्या, ठेवल्या, कारण लिनियरमध्ये, म्हणजे एकाच वेगात, ओळ आदळून थांबते.

आणि मग ती ओळ जागेवर थांबेचना. बारा ते शंभर या फ्रेममध्ये ती हळूच दोनेक पिक्सेल वर जायची आणि परत यायची. आधी वाटलं डोळे थकलेत. नंतर हिशोब मांडला. स्मूथची वक्ररेषा कीफ्रेममधून जाताना मागच्या आणि पुढच्या कीफ्रेमवरून उतार ठरवते. बाराव्या फ्रेमला मागून ३० पिक्सेलचा वेग येतोय, तो एकदम शून्य होत नाही, म्हणून रेषा पुढच्या टप्प्यात थोडी ओसंडते. दोन्ही टोकांना किंमत एकच असली तरी मधला भाग सरळ राहत नाही.

उपाय एका क्लिकचा आहे. कीफ्रेमचा प्रकार तिच्यापासून पुढच्या कीफ्रेमपर्यंतच्या टप्प्याला लागू होतो. म्हणून पहिली स्मूथ आणि बारावी लिनियर. ओळ मऊ येऊन बसते आणि मग हलत नाही. नव्या आवृत्त्यांत क्यूबिक आउट (शेवटाकडे मंदावणारा) वगैरे प्रकार आले आहेत, ज्यांच्याकडे असतील त्यांनी येताना ते वापरून पाहावेत.

जातं

जात्याच्या ट्रॅकला कीफ्रेम चालणारा व्हॉल्यूम इफेक्ट लावला. आत्या गात नसताना उणे ८ डेसिबल, गाताना उणे २०. हे नुसतं शब्द ऐकू यावेत म्हणून नाही. फोननेही तिचा आवाज लांबून टिपला आहे, आणि दोन्ही ट्रॅक सारख्या पातळीवर असले की तिचा आवाज पोकळ लागतो, हंड्यात बोलल्यासारखा. एक ट्रॅक बराच खाली नेला की तो पोकळपणा जातो.

उतार आणि चढ सारखे ठेवू नका. आवाज खाली न्यायला १२ फ्रेम, आणि त्या आत्याच्या पहिल्या शब्दाआधी संपलेल्या. परत वर आणायला मात्र ४० फ्रेम. ओवी संपल्यावर तिचा शेवटचा स्वर खोलीत रेंगाळतो. जातं लगेच वर आलं तर तो रेंगाळणारा स्वर चिरडला जातो. ४० फ्रेमने तो जगतो.

शेवटच्या फेड-आउटने, म्हणजे आवाज हळूहळू विरवण्याने, सगळ्यात जास्त शिकवलं. चार सेकंदांत उणे ८ वरून उणे ६०, दोन कीफ्रेम. ऐकलं तर दोन सेकंदांतच सगळं संपल्यासारखं. गणित साधं आहे: अर्ध्या वाटेवर पातळी उणे ३४ होते, आणि फोनच्या स्पीकरवर तिथं काही उरत नाही. म्हणून मध्ये तिसरी कीफ्रेम घातली: ३.२ सेकंदांपर्यंत फक्त उणे ३०, उरलेल्या ०.८ सेकंदांत उणे ६०. हा उतार कानाला चार सेकंदांचाच वाटतो. फेड-आउट घाईचा वाटत असेल तर लांबी वाढवण्याआधी त्याचं पोट असं उचलून बघा.

परवाची भेट

हे सगळं घेऊन परवा गावी गेले. आत्याला टीव्हीवर दाखवलं. अक्षरं येताना ती ओठ हलवत होती, पडद्यासोबत, ना पुढे ना मागे. शेवट मात्र तिला पटला नाही. "जातं असं लांब लांब जात न्हाय. दाणा सरला की हलकं व्हतं, आन् मग मी खुटा सोडती."

मूळ रेकॉर्डिंग उघडलं. मी फेडसाठी जिथं कापलं होतं त्याच्या पुढे अकरा सेकंद होते. घरघर पातळ होत जाते, दगडावर दगड घासल्याचा कोरडा आवाज येतो, एक अर्धा फेरा, आणि खुंट्याची लाकडी टकटक.

फेड-आउट काढून टाकला. त्याऐवजी त्या अकरा सेकंदांत पातळी उणे ८ वरून उणे ४ वर चढवली, म्हणजे हलकं होत जाणारं जातं अस्पष्ट होणार नाही, आणि टकटकीनंतर खोलीच्या शांततेवर फक्त १० फ्रेमचा उतार ठेवला. व्हिडिओ आता ६ मिनिटं २१ सेकंदांचा आहे. शेवटच्या ओळीची अपॅसिटी, म्हणजे दिसण्याची पातळी, टकटकीच्या आधी शून्य करायची की टकटक झाल्यावर, एवढं ठरायचं आहे. दोन्ही करून ठेवलंय, रविवारी आत्याला विचारणार आहे.