पांढरीतला मणी

धाराशिव जिल्ह्यातल्या आमच्या तेर गावात पाऊस पडून गेला की आम्ही पोरं पांढरीकडं पळायचो. जुन्या वस्तीचं ते टेकाड. माती धुपली की शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, खापरं, मणी वर यायचे. आठवीत असताना मला असाच एक अकीकाचा मणी सापडला, लालसर, हरभऱ्याएवढा. तो कंपासपेटीत लपवला आणि इतिहासाच्या तासाला काढून खेळत बसलो. बाईंनी पाहिलं.

मला वाटलं, आता छडी. बाईंनी मणी खिडकीशी नेला आणि विचारलं, "याला भोक कुठल्या बाजूनं पाडलंय, सांग." मी एक डोळा मिटून आरपार पाहिलं. भोक सरळ नव्हतं, मधोमध जरा अडखळत होतं. म्हणजे दोन्हीकडून कोरत आणलं होतं, आणि आत दोघांची गाठ नीट पडली नव्हती. "केसभर चुकलाय बघ," बाई म्हणाल्या. तोवर सातवाहन म्हणजे पाच मार्कांची टीप होती. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, इथं कुणीतरी मान मोडून बसला असेल, त्याचेही डोळे दुखले असतील.

मणी आम्ही रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहालयात नेऊन दिला. लामतुऱ्यांनी आयुष्यभर गावातून अशाच वस्तू जमवल्या होत्या. तिथं केओलिनच्या पांढऱ्या मातीच्या पोकळ बाहुल्या आहेत, पुढचा नि मागचा असे दोन साचे जोडून केलेल्या. चेहरे सुंदर, केशरचना तर काय वर्णावी! पण बाई आम्हाला सांध्याची रेघ शोधायला लावत. गोरोबाकाकांच्या गावची पोरं आम्ही. माती दाबताना बोटं कशी लागतात ते कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

आणि तिथलीच ती हस्तिदंती स्त्रीमूर्ती. वीतभरही नाही, पण दागिन्यांनी मढलेली. बाईंनी सांगितलं, हिच्यासारखीच एक दूर इटलीत आहे. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेईत ती १९३८ साली सापडली. पेरिप्लस या पहिल्या शतकातल्या ग्रीक ग्रंथात आपलं गाव 'तगर' म्हणून येतं; इथलं जाडंभरडं कापड आणि मलमल गाड्यांवर लादून, रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचच्या बंदराला जायची. पॉम्पेईची ती मूर्ती नेमकी कुठं घडली यावर अभ्यासकांचं एकमत नाही. मला मात्र दोघींच्या अंगावरचे दागिने पाहून त्या एकाच घरातल्या वाटतात.

पुढं नोकरीनं बरंच फिरवलं. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात मोहेंजोदडोची नर्तकी पाहिली. जेमतेम साडेदहा सेंटिमीटर उंच, आणि डावा हात मनगटापासून खांद्यापर्यंत बांगड्यांनी भरलेला. मी तिच्यापाशी अर्धा तास उभा होतो. ब्राँझ ओतणाऱ्यानं त्या बांगड्या साच्यासाठी आधी मेणात एकेक करून वळल्या असतील, हे डोळ्यांपुढून हलेना. लोक संग्रहालयं धावत पाहतात, पन्नास दालनं दोन तासांत. मला ते जमत नाही. एखादीच वस्तू पाहावी, पण तिच्याभोवती फेरी मारून पाहावी.

तीन वर्षांपूर्वी कंपनीच्या कामासाठी इटलीला जाणं झालं. रविवार मोकळा मिळाला तसा नेपल्सचं पुरातत्त्व संग्रहालय गाठलं. ती दिसली. साधारण पंचवीस सेंटिमीटर उंच, दोन्ही बाजूंना छोट्या दासी. डोक्यातून खाली भोक कोरलेलं आहे, म्हणून ती आरशाची मूठ किंवा एखाद्या चौरंगाचा पाय असावी, असं मानतात. माझी नजर आधी त्या भोकाकडंच गेली. डोळे भरून आले, हे लिहायला मला संकोच वाटत नाही.

रात्री बाईंना फोन केला. त्या आता ऐंशीच्या पुढं आहेत, ऐकू कमी येतं. मी मोठ्यानं सांगितलं, "बाई, पॉम्पेईची बघून आलो." पलीकडं क्षणभर शांतता.

"मागून बघितलीस का रे?"

बघितली होती, बाई. मागं केसांची लांब वेणी आहे, पाठीवरून खाली उतरलेली. पुढच्या हारांइतकीच जीव लावून कोरलेली.